बीडमधलं ‘फारसीभाषक गाव’ मी कसं तयार केलं

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘बीड जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तुरळक फारसीभाषक वस्ती आढळते.’ गाइडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले. ‘कोण बोलतं?’

मला आधी रागच आला. कागद माझ्याकडे होता. गावाचं नाव होतं, परगणा होता, चारी बाजूंच्या हद्दी होत्या, घरांचा आकडा होता. आणि भाषेच्या रकान्यात मीच माझ्या हाताने लिहिलं होतं, फारसी. मग घरी जाऊन वही उघडली आणि दहा मिनिटांत लक्षात आलं की ते गाव मी स्वतः बनवलेलं आहे. तुमच्यापैकी जे आत्ता विषय निवडताय, पेटची तयारी करताय किंवा पहिल्यांदा दप्तरखान्याची पायरी चढणार आहात, त्यांच्यासाठी ही चूक जरा सविस्तर सांगते. ती अडाणीपणातून झालेली नाही. मी नीटनेटकी वही ठेवत होते, त्यातूनच झाली.

झालं असं. मी इनामांचे जुने कागद पाहत होते. प्रत्येक कागदाची नोंद करायला वहीत रकाने आखले होते: गाव, परगणा, साल, भाषा, घरं, माणसं. यातला ‘भाषा’ म्हणजे कागदाची भाषा. हे मला तेव्हा इतकं उघड वाटत होतं की रकान्याच्या डोक्यावर तसं लिहायची गरजच वाटली नाही. सहा महिन्यांनी वही एक्सेलमध्ये उतरवली. तिथे डाव्या बाजूला गाव, मधे ‘भाषा’, उजवीकडे लोकसंख्या. आता तुम्ही ती ओळ वाचा. अमुक गाव, फारसी, एवढी घरं. कोणीही काय समजेल? मीसुद्धा तेच समजले.

त्या ओळीतला गोंधळ सोडवायचा तर आधी कागदावर फारसी का होती ते बघावं लागतं.

बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. संस्थानाची राज्यकारभाराची भाषा १८८० च्या दशकापर्यंत फारसी होती, मग तिची जागा उर्दूने घेतली. पण याचा अर्थ गावात कोणी फारसी लिहीत होतं असा नाही. गावचा कुलकर्णी हिशोब ठेवायचा तो मराठीत, मोडीत. तोच तपशील वरच्या कचेरीत गेला की त्याची भाषा बदलायची. म्हणजे एकाच गावाचा एकच आकडा खालच्या पायरीवर मोडी मराठीत आणि वरच्या पायरीवर फारसीत सापडू शकतो. कागदाची भाषा तुम्हाला गावाबद्दल फार काही सांगत नाही. तो कागद कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलावर तयार झाला हे मात्र ती बरोबर सांगते. माझ्या हातातला कागद वरच्या टेबलावरचा होता, एवढंच.

गंमत म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात ही फारसी बरीच आधी ओसरली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पुढे वि. का. राजवाड्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकातली पत्रं शेजारी ठेवून शब्द मोजले, तेव्हा शंभर वर्षांत फारसी शब्दांचं प्रमाण कसं कोसळलं ते आकड्यांत दिसलं. पुण्याकडच्या संशोधकांनी लिहिलेली पुस्तकं वाचून आपण तोच नकाशा डोक्यात घेऊन मराठवाड्यात येतो आणि फसतो. इथे दप्तराची गोष्ट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत वेगळ्याच वाटेने चालली होती.

आता दुसरी फसगत, जी माझ्यासोबतच्या निम्म्या लोकांची होते. फारसी म्हणून नोंदवलेला प्रत्येक कागद फारसी नसतो. १८८५ नंतरच्या उर्दू कागदांत मायना फारसी, पदव्या फारसी, नामं फारसी, विशेषणं फारसी. लिपी तर तीच, आणि त्यातही शिकस्ता, म्हणजे घाईची, मोडकी, नुक्ते गाळणारी. नवख्याला सगळंच फारसी वाटतं. यावर साधा उपाय आहे, क्रियापद शोधा. वाक्याच्या शेवटी ‘अस्त’, ‘शुद’, ‘नमूद’ असलं काही दिसलं तर फारसी. ‘है’, ‘हुआ’, ‘किया गया’ दिसलं तर ती उर्दू, मग आधीचे वीस शब्द इराणातून आलेले का असेनात. मी पुन्हा तपासल्यावर माझ्या ‘फारसी’ कागदांपैकी बरेच उर्दू निघाले. इनामाच्या चौकशीनंतर मिळणारा जो निकालाचा उतारा, ज्याला मुंतखब म्हणतात, तो हातात आला की ही चाचणी पहिल्यांदा लावा.

तिसरी फसगत तारखेची. संस्थानात फसली साल चालायचं आणि त्यातल्या महिन्यांची नावं चक्क इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. हीच नावं थोड्याफार फरकाने आजच्या इराणच्या कॅलेंडरात आहेत. पण तिथे वर्ष मार्चमध्ये फरवर्दीनने सुरू होतं, आणि हैदराबादेत ते ऑक्टोबरमध्ये आजूरने सुरू व्हायचं. त्यामुळे नेटवरच्या इराणी तारीख-बदलाच्या साधनात निजामाची तारीख टाकलीत तर उत्तर येईल, पण चुकीचं येईल. दख्खनी फसलीत ५९० मिळवा, जानेवारीनंतरचे महिने असतील तर ५९१. फसली १३४० चा आजूर म्हणजे ऑक्टोबर १९३०. पोलीस ॲक्शन झाली ती फसली १३५७ च्या अखेरीला. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रोज लागतो.

बरं, समजा तुम्हाला खरोखरच तपासायचं आहे की बीड जिल्ह्यात एखादं लहानसं फारसी बोलणारं खेडं आहे का. कुठे बघाल? ‘गावाचं ठिकाण आणि लोकसंख्या’ ही वाक्यात तीन-चार शब्दांची गोष्ट वाटते. पण ठिकाण एका कागदावर असतं, लोकसंख्या दुसऱ्यावर आणि भाषा तिसऱ्यावर, आणि हे तीन कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

ठिकाणापासून सुरू करू. जिल्ह्याचं नावच घ्या. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये ते ‘भीर’ आहे, २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत ‘बिड’, आणि फारसी कागदात ‘बीर’, कारण फारसी लिपीत ड नाही. अंबाजोगाई शोधताय? निजामकाळात ती मोमिनाबाद आहे. धारूर शोधताय? मोगली कागदांत ते फतेहाबाद होऊन बसलंय. ही झाली मोठी गावं, जी कुठल्याही गॅझेटिअरमध्ये सापडतात. पिंपरी, वडगाव, पिंपळगाव असलं नाव निघालं तर एकेका तालुक्यात दोन-तीन सापडतील, म्हणून परगणा आणि शेजारची गावं लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या कागदातल्या चतुःसीमेनेच शेवटी मला वाचवलं. पूर्वेला अमुक मौजे, पश्चिमेला नाला. नाले नाव बदलत नाहीत असं नाही, पण जागा सहसा सोडत नाहीत.

आजच्या गावाला जनगणनेचा सहा आकडी कोड असतो. २०११ मध्ये महाराष्ट्राचा कोड २७ आणि बीडचा ५२३. नावावर विसंबू नका, कोडावर विसंबा. आणि एक लक्षात ठेवा, ममदापूर, इस्लामपूर, शहाजानपूर अशी नावं मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. गावाचं नाव फारसी आहे यावरून गावाची बोली फारसी ठरवणं म्हणजे दौलताबादेत सगळे दौलतवाले राहतात म्हणण्यासारखं आहे.

लोकसंख्या. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ ची. १९०१ च्या जनगणनेचं काम मिर्झा मेहदी खान यांनी पाहिलं. त्या वर्षी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९२ हजार होती आणि ती आधीच्या जनगणनेपेक्षा बरीच खाली आली होती, कारण मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ पडले. २०११ ला जिल्हा २५,८५,०४९ वर आहे आणि त्यातले सुमारे ८० टक्के लोक खेड्यात राहतात. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून लगेच भागाकार करू नका. १९०५ मध्ये संस्थानातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तालुके फुटले, जुळले. तुमचं गाव १९०१ ला नेमकं कुठल्या जिल्ह्याच्या बेरजेत होतं हे आधी ठरवा.

आणि आता भाषा. इथे माझा मसुदा मुळातच लटका पडला. आपल्या जनगणनेत गावनिहाय जो तक्ता छापतात, त्यात घरं, माणसं, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे एवढं असतं. मातृभाषा नसते. मातृभाषेचा तक्ता वेगळा, सी-१६ म्हणतात त्याला. तो राज्य, जिल्हा, तालुका, शहर या पातळीवर येतो, गावाच्या पातळीवर येत नाही. म्हणजे छापील जनगणनेवरून ‘अमुक खेडं फारसी बोलतं’ हे विधान करताच येत नाही. बीडच नव्हे, भारतातल्या कुठल्याही खेड्याबद्दल.

पुढे जाऊन बघा. लोक जे सांगतात ते सगळंही छापून येत नाही. २०११ ला देशभरातून १९,५६९ वेगवेगळी नावं मातृभाषा म्हणून नोंदली गेली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या, त्यातून अखेर १२१ भाषांची यादी झाली. देशात दहा हजारांहून कमी बोलणारे असतील तर ती भाषा यादीत येत नाही, ‘इतर’मध्ये जाते. १९६१ च्या जनगणनेने अगदी एकदोन माणसांनी सांगितलेल्या बोलीही छापल्या होत्या, १९७१ पासून ही दहा हजारांची चाळण आली. फारसी २००१ च्या यादीत होती. २०११ ला ती गळाली, पुरेशी संख्या आली नाही म्हणून. तेव्हा आज तुम्हाला बीडच्या तक्त्यात फारसीचा रकाना दिसत नाही, याचा अर्थ कोणी बोलत नाही असा होत नाही. आणि उद्या जुन्या एखाद्या तक्त्यात फारसीपुढे चार-सहा माणसं दिसली तर त्याचा अर्थ ‘वस्ती’ असाही होत नाही. ती बदलीवर आलेला एखादा अधिकारी आणि त्याचं कुटुंब असू शकतं.

किंवा लिहिणाऱ्याचा कान. मराठवाड्यात फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावींसारख्या भटक्या समाजांत आपसातल्या सांकेतिक बोलीला ‘पारुशी’ म्हणतात. पारध्यांची पारधी बोली वेगळी, जनगणना तिला भिली गटात घालते. पारशी हा तर धर्म, आणि भारतातले पारशी घरी गुजराती बोलतात. आता पारुशी, पारधी, पारशी, फारसी हे चार शब्द उन्हातान्हात पालावर उभ्या राहिलेल्या प्रगणकाला एका दमात ऐकवा, आणि वर तो अर्ज इंग्रजीत कोणीतरी दुसऱ्याने उतरवणार आहे. लहान आकड्यांच्या बाबतीत मी हे चारही शब्द आता शेजारीशेजारी तपासते. लमाणी बोलणाऱ्या तांड्यांचंही असंच होतं. ते अंतिम यादीत हिंदीच्या पोटात गेलेले असतात, त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यात ‘हिंदी’चा आकडा बघून उत्तरेकडून लोक आले असं लिहू नका. असं लिहिलेलं मी एका सेमिनारमध्ये ऐकलंय.

मग फारसी खरोखर बोलणारी माणसं या भागात आली कुठे? आली ना. बहमनी काळापासून इराणातून दख्खनेत माणसं येत होती, महमूद गावान गिलानचा. धारूरचा किल्ला बांधला तो आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने, १५६७ च्या सुमारास. ‘लारी’ म्हणजे इराणच्या दक्षिणेकडच्या लार गावचा. धारूरच्या बुरुजावर उभं राहून मी पहिल्यांदा विचार केला की इथे कधीतरी कोणीतरी घरची भाषा म्हणून फारसी बोललं असेल. पण ते किल्ल्यात, सरदाराच्या माणसांत. पायथ्याच्या शेतकऱ्याच्या घरात नाही.

आणि आजचं बघायचं तर महाराष्ट्रात इराणी म्हणून ओळखला जाणारा एक शिया समाज आहे. पूर्वी घोड्यांचा व्यापार करत फिरणारा, नंतर चष्मे, खडे, असल्या फुटकळ विक्रीवर आलेला. पुण्यात शिवाजीनगरला, कल्याणजवळ आंबिवलीला त्यांच्या वस्त्या आहेत. बीड जिल्ह्यात परळीलाही ही कुटुंबं आहेत. घरात ते फारसीची एक बोली बोलतात. म्हणजे ‘बीड जिल्ह्यात फारसी कोण बोलतं’ याचं उत्तर आहे, पण ते खेडं नाही, शहरातली गल्ली आहे. तिला महसुली गावाचा कोड नाही, स्वतंत्र लोकसंख्या नाही, आणि जनगणनेच्या यादीत तिची भाषा ‘इतर’मध्ये बुडालेली आहे.

इथे जरा थांबा, कारण पुढचं पाऊल टाकायला फार सोपं वाटतं. फॉर्म घ्यायचा, गल्लीत जायचं, घरोघरी विचारायचं, ‘घरी कुठली भाषा बोलता?’ ही अशी वस्ती आहे की जिचं नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा पोलिसांच्या बातमीतच येतं. तिथे अनोळखी माणूस हातात कागद घेऊन घरं मोजायला आला तर दाराआडच्या बाईला काय वाटेल? तिने ‘हिंदी’ सांगितलं तर ती खोटं बोलली का? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून आपल्याकडे भटक्यांच्या याद्या करायची सवय आहे, आणि १९५२ ला तो कायदा गेला तरी लोकांच्या डोक्यातून याद्या गेल्या नाहीत. माझा विषय कागदांचा आहे म्हणून मी त्या गल्लीत सर्वेक्षण केलं नाही. तुमचा विषय तिथेच असेल तर आधी ओळख करा, वर्ष गेलं तरी चालेल, फॉर्म नंतर.

कागदातला एक शब्द काय करू शकतो हे मराठवाड्यात तरी कोणाला समजावून सांगायला नको. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरबद्दल शासन निर्णय निघाला. तोवर ज्या बस्त्यांकडे कोणी फिरकत नव्हतं, त्यांच्यासमोर रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्याला, उर्दू शिकस्ता वाचणाऱ्याला गावोगावहून फोन. आणि लगेच तोच प्रश्न उभा राहिला जो माझ्या वहीत होता: गॅझेटिअरमध्ये समाजांचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. मग आकड्यावरून माणसापर्यंत कसं यायचं? राजकारण बाजूला ठेवा, माझं त्यावर इथे काही म्हणणं नाही. पण रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय आणि खाली काय मोजलंय, यावर आज कोणाच्या तरी पोराचं कॉलेजचं ॲडमिशन अडलेलं असू शकतं. माझ्या एक्सेलमधली चूक गाइडनी पकडली. ती छापून गेली असती तर पुढचा कोणीतरी ‘बीडमधील फारसीभाषक ग्रामीण वस्ती’ असा संदर्भ देऊन मोकळा झाला असता, आणि त्याच्या पुढचा त्याचा.

शोध फुकट गेला असं मात्र नाही. गाव फारसी बोलत नव्हतं, पण गावाबद्दलचा प्रत्येक शब्द फारसी किंवा अरबी-फारसी बोलत होता. मौजे, कसबा, परगणा, महसूल, जमाबंदी, खरीप, रब्बी, जिरायत, बागायत. आपली जुनी माणसं जनगणनेला खानेसुमारी म्हणायची. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. इराणात आज जनगणनेला ‘सरशुमारी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आपली शिरगणती. तिकडे खेड्याला ‘देह’, खेड्यांच्या गटाला ‘दिहिस्तान’, आपल्याकडे ‘देहात’. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द, बेचिराख. आपण तो जळून खाक या अर्थाने वापरतो. मूळ ‘बेचिराग’, जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात हद्द आहे, शेतं आहेत, नाव आहे, पण राहणारं कोणी नाही अशा गावापुढे हा शब्द लिहीत. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहायची ती पद्धत.

एक्सेलमध्ये आता ‘भाषा’ असा रकाना नाही. त्याचे तीन झालेत: कागदाची भाषा, कागदाची लिपी, गावात बोललेली भाषा. तिसरा रकाना जवळपास सगळा रिकामा आहे आणि तो रिकामाच छापायला मी गाइडना राजी केलंय. मसुद्यातलं ते वाक्य गेलं. त्या गावाचं ठिकाण नाल्यावरून सापडलं, आजचा कोड मिळाला, मागच्या उन्हाळ्यात जाऊनही आले. पारावर बसलेल्या आजोबांना विचारलं, ‘बाबा, इथं पूर्वी फारसी बोलायचे का कोणी?’ ते म्हणाले, ‘तहसीलचा माणूस आला की बोलायचा. आम्हाला काय कळायचं नाही.’